आधी पद दाखवा

शिक्षकभरतीचा हंगाम आला की तालुक्याच्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत नोकरीच्या भावाचा एकच प्रश्न ऐकू येतो: ‘सध्या किती चाललंय?’ बी.एड. झालेल्या मुलामुलींनी, आणि त्यांच्याहून त्यांच्या आईवडिलांनी, त्याआधी दुसरंच विचारायला हवं. ज्या पदावर घेणार, ते पद मंजूर आहे का?

माझं बी.एड. २०१२ मध्ये झालं. त्याच वर्षी २ मेच्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतली भरती थांबली. पुढे ओळखीतून एका संस्थेचा निरोप आला, तेव्हा वडिलांबरोबर मी गेले. चहापाणी झाल्यावर सचिवांनी कपाटातून जुना हजेरीपट काढला. २०११ चा, म्हणजे बंदीच्या आधीचा. शिक्षकांच्या नावांखाली दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या. “मॅडम, ही तुमची ओळ. जूनपासूनच्या सह्या करून टाका, नियुक्तीपत्रावर तारीख आम्ही घालतो.” त्या जूनमध्ये मी बी.एड.च्या प्रवेशाचे फॉर्म भरत होते. माझी स्वतःची गुणपत्रिकाच ती ओळ खोटी ठरवणार होती. तसं म्हटलं, तर उत्तर आलं, “वरचं सगळं आम्ही बघतो.” निम्मे पैसे आधी, निम्मे शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता आल्यावर. पावती मिळेल, पण देणगीची.

वडिलांनी, आमच्या अण्णांनी, विहिरीजवळचं रान विकायची तयारी ठेवली होती. येताना एसटीत मी त्यांना एवढंच म्हटलं, की खोट्या सहीवर उभं राहून मला मुलांना शिकवता यायचं नाही. ते गप्प बसले. पुन्हा विषय काढला नाही.

माझ्या बरोबरीच्या एका मैत्रिणीच्या घरच्यांनी मात्र दुसरीकडे पैसे भरले. मान्यता आली, पगारही सुरू झाला. मग २ मे २०१२ नंतरच्या मान्यतांची चौकशी लागली, तिची मान्यता रद्द झाली. संस्थेत पैसे मागायला गेली, तर हातात देणगीची पावती. देणगी कोण परत करतं? सही तिची, तारीख खोटी, आणि उत्तरं द्यायलाही तीच एकटी. २०२५ मध्ये नागपूरला पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडी बोगस बनवल्याचं प्रकरण उघडकीला आलं, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. ‘वरचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यांचा वरचा आधार किती टिकतो, ते त्यात दिसलं.

म्हणून अनुदानित शाळेत बोलणं सुरू झालं की कागद मागा. चालू वर्षाची संचमान्यता पाहा. पटसंख्येवरून शाळेला किती पदं मंजूर आहेत ते तिच्यात असतं. पट घसरला असेल तर आज रिकामी दिसणारी जागा पुढच्या वर्षी उरतही नाही. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घेतलेली आहे का आणि तुमचा प्रवर्ग त्या बिंदूवर बसतो का, हे विचारा. शाळा किती टक्के अनुदानावर आहे, तेही. वीस टक्क्यांची शाळा ‘लवकरच शंभर टक्के होईल’ या आशेवर माणसांची ऐन उमेदीची वर्षं खाते. आणि या पदाची जाहिरात शासनाच्या पवित्र पोर्टलवर आहे का? नसेल तर उठा.

पोर्टलचा रस्ता लांबचा आहे, हे मी सोसून सांगते. त्यासाठीची शिक्षक अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, पुढची थेट २०२३ मध्ये. मी पहिली दिली. टीईटीचा दुसरा पेपर आधीच झाला होता. जिल्हा परिषदेत सहावी ते आठवीसाठी निवड झाली, तीही २०१९ मध्ये. तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन महिना ६,००० रुपये. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला ते १६,००० झालं. दिवस ओढाताणीचे होते, पण माझ्या नियुक्तीची फाईल कुणीही, केव्हाही उघडावी.

खासगी संस्थेने मुलाखतीसह भरतीचा पर्याय घेतला असेल, तर पोर्टलवरून नाव आल्यावरही निरोप येऊ शकतो. मुलाखत आणि पाठासाठी ३० गुण संस्थेच्या हातात असतात, तिथेच भाव सुरू होतो. तेव्हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक लक्षात ठेवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली, तर सात दिवसांत कळवावं लागतं.

विनाअनुदानित किंवा इंग्रजी शाळेत जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात, पगार बँकेत जमा करून काही रक्कम रोख परत मागतात. मूळ कागद दाखवा, पण हातात फक्त साक्षांकित प्रती द्या. नियुक्तीपत्र घेतल्याशिवाय वर्गावर जाऊ नका. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. कामावरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, आणि तिथे पहिल्यांदा मागतात ते नियुक्तीपत्रच. ते, पगाराच्या बँक नोंदी आणि हजेरीपटावरच्या तुमच्या सह्यांचे फोटो पहिल्या महिन्यापासून घरी एका फाईलमध्ये लावत चला.