न उघडतां कसें पाहावें?

आपल्या चिंचणीस सांपडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांचीं छायाचित्रें संगणकांत सांठविलीं, परंतु नांवें केवळ आंकडेच राहिलीं, तर हवें तें चित्र शोधण्यांत तास जातो आणि घाईंत भलतीच फाइल पुसली जाते. हा अनुभव आम्हीं घेतला आहे.

लिनक्सवर यास सोपा उपाय आहे. ग्नोमच्या ‘फाइल्स’ला ‘सुशी’ हें साधन जोडावें; उबुंटूंत त्याच्या पॅकेजचें नांव ‘ग्नोम-सुशी’. मग फाइल निवडून स्पेसबार दाबतांच तिचें दर्शन घडतें. पुन्हां दाबतांच तें मिटतें. केडीईच्या ‘डॉल्फिन’मध्यें एफ ११ दाबल्यास बाजूस माहितीचा पट उघडून तेंच काम होतें.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फाइलींचीं लघुचित्रें आपल्या होम फोल्डरांतील ‘.कॅश’ ह्या लपलेल्या कप्प्यांत, ‘थंबनेल्स’ नांवाखालीं सांठतात. मूळ फाइल पुसल्यावरही तीं तेथें राहूं शकतात. म्हणून सामायिक यंत्रावर कोणाची गुणपत्रिका अगर घरगुती छायाचित्र पाहिलें असल्यास, कंट्रोल व एच दाबून तो कप्पा दिसूं द्यावा आणि ‘थंबनेल्स’ रिकामें करावें. मूळ फाइलींस त्यानें धक्का लागत नाहीं. लघुचित्रें पुन्हां तयार होतात.

पाहण्याची सोय आपली, तशी दुसऱ्याचें खाजगी जपण्याची जबाबदारीही आपलीच होय.