पिटक म्हणजे टोपली

'त्रिपिटक' हा शब्द आपल्या विद्यालयातील पाचवीच्या मुलालाही परिचित आहे. विनयपिटक, सुत्तपिटक आणि अभिधम्मपिटक ही तीन नावे तो एका दमात सांगतो. परंतु 'पिटक' म्हणजे काय, असे विचारले की उत्तर बहुधा 'ग्रंथ' असे येते. पाली भाषेत पिटक म्हणजे टोपली. बुद्धवचनांच्या संग्रहाला टोपलीचे नाव का मिळाले, याची दोन स्पष्टीकरणे अभ्यासक देतात. ताडपत्रांवर लिहिलेली सुत्ते टोपल्यांत ठेवली जात, हे एक. बांधकामावर मातीची टोपली जशी या हातातून त्या हातात जाते, तसा धम्म एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आला, हे दुसरे. त्रिपिटक लेखनबद्ध होण्यापूर्वी दीर्घकाळ मुखोद्गत होते, हे ध्यानात घेता मला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते.

जगातील एका थोर ज्ञानभांडाराने ज्या वस्तूचे नाव धारण केले, ती वस्तू घडविणाऱ्यांना मात्र आपल्या गावगाड्याने कडेला बसविले. ही विसंगती कशी निर्माण झाली आणि ती दूर करण्यात शाळेचा वाटा काय असू शकतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. तत्पूर्वी टोपली विणतात कशी, हे पाहणे आवश्यक आहे. ज्या विद्येची अवहेलना झाली, ती विद्या मुळात काय होती, हे कळल्याशिवाय अवहेलनेचे मोजमाप होत नाही.

विणीचे तीन प्रकार

टोपली ही मडक्याच्याही आधीची वस्तू आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे 9000 वर्षांपूर्वी मडकी नव्हती, परंतु डांबर लावलेल्या टोपल्या होत्या. आजही टोपली यंत्रावर विणली जात नाही. टोपलीचा प्रत्येक वेढा माणसाच्या बोटांनीच घातलेला असतो. तिच्या घडणीचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार पट्ट्यांच्या विणीचा. आपल्याकडील बुरूडकाम या प्रकारात मोडते. टोपले, दुरडी, परडी, रोवळी, सूप, कोंबड्यांचे डालगे, धान्याची कणगी ही सारी या कामाची अपत्ये. नांदेड जिल्ह्यात बांबू म्हटला की किनवट-माहूरचा जंगलपट्टा आठवतो. कारागीर प्रथम बांबूची निवड करतो. कोवळा बांबू वाळल्यावर आकसतो आणि फार जून झालेला वाकविताना मोडतो. मग कोयत्याने उभी चीर देऊन त्याचे दोन, चार, आठ असे भाग पाडतात. बांबूची बाहेरची पाठ चिवट आणि गुळगुळीत असते, आतला भाग मऊ असतो. कोणती पट्टी बुडाला, कोणती अंगाला आणि कोणती काठाला लावायची, हे यावरूनच ठरते. पट्ट्या पाण्यात भिजविल्या की लवचीक होतात.

बुडाशी पट्ट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या रचून चांदणीचा आकार करतात. त्यांची टोके वर वळविली की त्या उभ्या पट्ट्या होतात. मग एक लांब, पातळ पट्टी एका उभ्या पट्टीवरून व दुसरीच्या खालून अशी फिरवीत नेतात. येथे एक सुंदर गणित दडलेले आहे. समजा, उभ्या पट्ट्या 16 आहेत. फिरती पट्टी पहिलीवरून, दुसरीखालून अशी गेली तर सोळावीखालून जाऊन फेरी संपते आणि दुसऱ्या फेरीत ती पुन्हा पहिलीवरूनच जाते. म्हणजे दुसरी फेरी पहिलीची नक्कल होते, पट्ट्या एकमेकींना अडकत नाहीत आणि वीण ढिली पडते. उभ्या पट्ट्या 17 केल्या तर फिरती पट्टी सतरावीवरून जाते आणि पुढच्या फेरीत पहिलीखालून. वर-खालचा क्रम आपोआप उलटतो व वीण घट्ट बसते. म्हणून एखादी पट्टी मधोमध चिरून किंवा एक जादा खोचून संख्या विषम करून घेतात. सम-विषम संख्यांचा हा नियम शाळेत न गेलेल्या हातांनी पिढ्यानुपिढ्या वापरला आहे.

सुपाची वीण निराळी. तिथे पट्टी दोन पट्ट्यांवरून आणि दोनखालून जाते व प्रत्येक ओळीत एक घर पुढे सरकते. त्यामुळे पृष्ठभागावर तिरप्या रेघा उमटतात, तो दाट व सपाट होतो आणि पाखडताना दाणा सहज घसरतो. तांदूळ धुण्याच्या रोवळीला मात्र पाणी निथळायला फटी हव्यात. कामानुसार वीण बदलते. यालाच आपण एरवी अभियांत्रिकी म्हणतो.

दुसरा प्रकार फोकांच्या विणीचा. कैकाडी समाजाची ही विद्या. येथे बांबू चिरण्याचा प्रश्न नसतो. तरवड, निरगुडी यांचे फोक, तुराट्या, पऱ्हाट्या अशा शेताच्या बांधावर व रानात मिळणाऱ्या काड्या अख्ख्याच वापरतात. काड्या गोल व ताठर असल्याने त्या पिळून, एकमेकींभोवती गुंतवून न्याव्या लागतात. शेतातल्या खुरपणीपासून शेणखताच्या वाहतुकीपर्यंत लागणारी दणकट पाटी यातून तयार होते. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे हे जीवन लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (1980) या आत्मकथनामुळे मराठी वाचकांसमोर आले.

तिसरा प्रकार गुंडाळीचा. हा आपल्या भागात फारसा दिसत नाही, म्हणून त्यासाठी दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात राउंड व्हॅली नावाच्या खोऱ्यात यूकी नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या वाडग्याच्या आकाराच्या टोपल्या या पद्धतीच्या. डॉगवूड नावाच्या झुडपाच्या बारीक काड्यांची जुडी मध्यबिंदूपासून चकलीसारखी गोल गोल फिरवीत नेतात आणि प्रत्येक वेढा आतल्या वेढ्याला शिवतात. टोच्याने भोक पाडायचे आणि त्यातून रेडबड नावाच्या झाडाची चिरलेली पट्टी ओवून घट्ट ओढायची. म्हणजे खरे तर हे विणणे नसून शिवणे आहे. आपल्याकडे चांभाराची आरी जे काम चामड्यावर करते, तेच काम तो टोच्या काड्यांवर करतो. रेडबडची साल ठेवली तर पट्टी लालसर तपकिरी दिसते आणि काढली तर पांढरट. या दोन रंगांतूनच नक्षी उमटते. त्या प्रदेशातील घट्ट टोपल्यांत पाणीही राहत असे. त्यात तापलेले दगड टाकून ओक वृक्षाच्या फळांच्या पिठाची पेज शिजवीत.

काम तेच, मान वेगळा

या तुलनेतून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. कॅलिफोर्नियातील त्या आदिवासी समाजांत उत्तम टोपली विणणाऱ्या स्त्रीला मान होता. तिच्या टोपल्या मौल्यवान भेट म्हणून दिल्या जात. काम तेच होते. तिथे त्याला प्रतिष्ठा होती आणि आपल्याकडे त्याला हीनत्व चिकटले. याचा अर्थ हीनत्व कामात नव्हते, ते समाजरचनेत होते. यूकींवर संकट आले ते बाहेरून. 1856 मध्ये राउंड व्हॅलीत सरकारी वसाहत सुरू झाली आणि पुढील दशकभरात गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तली, उपासमार व रोगराई यांमुळे हजारोंच्या संख्येने असलेले यूकी काही शेकड्यांवर आले. त्या प्रदेशातील आदिवासींच्या टोपल्या मात्र संग्रहालयांच्या काचेच्या कपाटांत जपल्या गेल्या. वस्तूचे कौतुक करायचे आणि ती घडविणाऱ्या हातांना विसरायचे, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही.

हीनत्व समाजाने लादलेले असते, हे भगवान बुद्धांच्या संघाने फार पूर्वी ओळखले होते. विनयपिटकात भिक्षूंसाठी जे पाचित्तिय नियम आहेत, त्यांतील दुसरा नियम अपमानकारक बोलण्याविषयी आहे. एखाद्या भिक्षूला त्याच्या जातीवरून, नावावरून, कुळावरून किंवा शिल्पावरून हिणविणे हा दोष ठरविला आहे. त्या काळी लोक कोणत्या शिल्पांना हीन समजत, त्याची यादी तेथे दिलेली आहे आणि त्या यादीत पहिले नाव नळकारशिल्पाचे, म्हणजे वेत-बांबूकामाचे आहे. त्यानंतर कुंभार, विणकर, चर्मकार व नापित येतात. विशेष म्हणजे त्या त्या जनपदात जे तुच्छ मानले जाते ते हीन, असेही पुढे म्हटले आहे. म्हणजे हीन-उच्च ही निसर्गाची नव्हे, जनपदाची समजूत. बुरुडाच्या मुलाने चीवर धारण केल्यावर त्याला 'बुरुडाचा' म्हणून कोणी हिणवू नये, यासाठी संघाला नियम करावा लागला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

आपल्या शेजारच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात शरण चळवळ उभी राहिली. तिच्यात मेदार केतय्या हे टोपल्या विणणारे शरण होते. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि बुरूड समाज आजही त्यांचे आदराने स्मरण करतो. श्रमाला प्रतिष्ठा देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. तथापि जन्मावरून काम ठरविणारी चौकट त्यानंतरही शतकानुशतके टिकली.

त्या चौकटीचे नेमके विश्लेषण बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात केले. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक अशा उतरंडीची, हा त्यांचा मुद्दा. माणसाची आवड व कुवत न पाहता जन्मावरून काम सोपविले की कामाविषयी तिरस्कार निर्माण होतो आणि समाजाचेही नुकसान होते. 'जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात' ही म्हण आपण सर्रास वापरतो. सूप विणणारा हसतो की रडतो, हे त्या म्हणीत कुठेही नाही.

कैकाडी समाजाच्या बाबतीत तर कायद्यानेच अन्यायावर शिक्कामोर्तब केले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत टोपल्या विणीत फिरणाऱ्या माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरविले गेले. शेजारच्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवण्यात आले. 31 ऑगस्ट 1952 रोजी ते विमुक्त झाले. आजही पैनगंगेच्या अलीकडे नांदेड जिल्ह्यात कैकाडी विमुक्त जातीत गणले जातात आणि पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात अनुसूचित जातीत. नदी एक, फोक एक, पाटी एक. दाखले मात्र दोन.

शाळेने काय करावे?

आज टोपलीची जागा प्लॅस्टिकच्या टोपल्याने आणि लोखंडी घमेल्याने घेतली आहे. जन्माच्या पाचवीला सूप, लग्नात दुरड्या आणि अखेरीस तिरडीचा बांबू एवढ्यापुरताच बुरूड अनेकांना आठवतो. दुसरीकडे बांबूला मात्र चांगले दिवस येत आहेत. 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरच्या बांबूला 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आले. वनस्पतिशास्त्रानुसार तो गवतच आहे. लातूर जिल्ह्यात लोदग्यासारख्या ठिकाणाहून बांबू लागवडीचा पुरस्कार होत आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न इतकाच की, बांबूला प्रतिष्ठा मिळत असताना बांबूच्या जुन्या जाणकारांना त्यात कोणते स्थान मिळणार? जमीन आणि भांडवल ज्यांच्याकडे आहे ते उद्योजक होणार आणि विद्या ज्यांच्याकडे आहे ते रोजंदारीवर राहणार काय?

आपल्या समाजात याविषयी दोन मते आहेत. परंपरागत कामाचा आता संपूर्ण त्याग करावा, त्याचे नावही नको, असे एक मत. त्यामागे पिढ्यांची वेदना आहे आणि ती रास्त आहे. बाबासाहेबांनी आपल्याला गलिच्छ आणि अपमानकारक कामे सोडण्यास सांगितले, त्यामुळेच आपण आज शिक्षक, अभियंते, अधिकारी झालो. दुसरे मत कला जपण्याचे. त्यातही तथ्य आहे, पण ते बोलणारा पुष्कळदा स्वतःच्या मुलाला डॉक्टर करतो आणि कला जपण्याची जबाबदारी बुरुडाच्या मुलावर टाकतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' असे लिहिले होते. वडील उत्तम टोपल्या विणीत. मुलाला मजुरी हा शब्द अधिक सुरक्षित वाटला. त्याला 'कला जप' असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या दोन्ही मतांपलीकडे एक मार्ग आहे. विद्या जन्मापासून सोडवावी आणि ती सर्वांची करावी. राज्यघटनेच्या कलम 19 ने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. या स्वातंत्र्यात बापाचे काम सोडण्याचा हक्क जसा आहे, तसाच दुसऱ्याच्या बापाचे काम शिकण्याचाही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत, स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्यासाठी. निवासी विद्यालयाला हे सहज शक्य आहे. मात्र त्यासाठी तीन पथ्ये पाळावीत.

पहिले, टोपली वर्गातील प्रत्येक मुलाने आणि मुलीने विणावी. आडनाव पाहून गट पाडू नयेत. दुसरे, शिकविण्यास येणाऱ्या कारागिराला शिक्षकाची खुर्ची, शिक्षकाचे संबोधन आणि शिक्षकाचे मानधन द्यावे. तिसरे, टोपली कार्यानुभवाच्या तासापुरती ठेवू नये. सोळा आणि सतरा पट्ट्यांचे कोडे गणिताच्या तासाला यावे, बांबू गवत कसे, हे विज्ञानाच्या तासाला, आणि पैनगंगेच्या दोन काठांवरचे दोन दाखले इतिहास-नागरिकशास्त्राच्या तासाला. रोवळी, डालगे, परडी, कणगी हे शब्द वस्तूंबरोबर लोप पावत आहेत. मुलांनी घरच्या आजीला विचारून त्यांचा कोश करावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियांत्रिकी, वाणिज्य व कायदा या क्षेत्रांत आहेत, त्यांनी कारागिरांच्या सहकारी संस्था उभारण्यास हातभार लावावा, म्हणजे बांबूच्या नव्या बाजारात या विद्येचे मोल विद्यावंतांनाच मिळेल.

प्रस्तुत स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्या पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या पाल्याने विणलेली पहिली टोपली वेडीवाकडी असेल. तिला हसू नका. तिच्या उभ्या पट्ट्या मोजा. त्या विषम भरल्या, तर त्याला गणित कळले आहे. आणि विणताना त्याच्या शेजारी कोणाचे मूल बसले होते, हे त्याला सांगता आले, पण त्या मुलाची जात सांगता आली नाही, तर त्याला इतिहासही कळला आहे.