किन्वा : अन्न की औषध?

प्रश्न : मला मधुमेह आहे. रोज किन्वा खाल्ल्यास गोळ्या बंद करता येतील काय?

उत्तर : नाही, डॉक्टरांच्या हुकुमावाचून एकही गोळी सोडू नये. पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पठारावर, तितिकाका सरोवराच्या परिसरात सहस्रावधी वर्षे पिकत आलेले आणि आपल्या चाकवताच्याच कुळातले हे धान्य शरीरास अत्यावश्यक अशी नऊही अमिनो आम्ले पुरवते, ग्लुटेनविरहित असते, आणि पांढऱ्या भातापेक्षा सामान्यतः रक्तशर्करा सावकाश वाढवते, ही त्याची थोरवी मला मनःपूर्वक मान्य आहे. तथापि 100 ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे 64 ग्रॅम कर्बोदके असल्यामुळे ते भाताऐवजी घ्यावे, भाताच्या जोडीला नव्हे.

दाण्यांच्या बाह्यावरणात सॅपोनिन नावाचे कडू, पोटास त्रासदायक द्रव्य असते. म्हणून पाण्याला फेस येईनासा होईपर्यंत ते चोळून धुवावेत, आणि ही खबरदारी, पाकिटावर काहीही लिहिलेले असो, घ्यावीच. ऑक्झलेटच्या मूतखड्याची तक्रार असल्यास प्रमाण बेताचे ठेवावे. खर्च झेपत नसेल, तर ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी यांवर निःशंकपणे राहावे. मात्र साखरेची तपासणी नियमित करीत जावी.