कोणांपैकी किती?

प्रश्न : पदवीच्या प्रथम वर्षास संख्याशास्त्र घेतले आहे. सूत्रे पाठ आहेत, तरी संभाव्यतेची उदाहरणे सुटत नाहीत. काय करावे?

उत्तर : रोग असता चाचणी होकारार्थी येण्याची संभाव्यता आणि चाचणी होकारार्थी आली असता रोग असण्याची संभाव्यता या सर्वस्वी भिन्न राशी होत, हे ज्याच्या मनावर ठसले नाही, त्याला बेझचे सूत्र मुखोद्गत असूनही निरुपयोगीच ठरते. १,००० माणसांत १० रुग्ण असून, चाचणी त्यांपैकी ९० टक्के ओळखते, परंतु १० टक्के निरोगी माणसांनाही रुग्ण ठरवते, असे धरल्यास, ९ रुग्णांसमवेत ९९ निरोगीही होकारार्थींच्या यादीत दाखल होतात. अर्थात या यादीतील दर १२ जणांत खरा रुग्ण एकच! वितरणांची कोष्टके मागाहून पाहता येतील. तूर्त प्रत्येक उदाहरणात ‘कोणांपैकी?’ याचे उत्तर प्रथम लिहावे, मगच हिशेबास हात घालावा.