पिवळ्या धोत्र्याचे तेल



पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला काटेरी पानांचा पिवळा धोत्रा आपण नेहमी पाहतो. हे तण मूळचे मेक्सिकोकडचे. त्याचे काळे बी मोहरीसारखे दिसते. त्यात सुमारे एक तृतीयांश तेल असते. पण ते विषारी. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली आणि ६० हून अधिक माणसे दगावली.

हेच तेल इंजिनाच्या मात्र कामी येऊ शकते. तेलात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा मिसळून ते तापवले की ग्लिसरीन खाली बसते, वर बायोडिझेल राहते. आपल्या देशातील संशोधकांनी असे इंधन तयार करून पाहिले आहे. खाण्याच्या तेलाला हात न लावता इंधन मिळते, हा मोठा फायदा.

तरी काळजी हवी. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असते. हा प्रयोग घरी करू नये. खाद्यतेलाच्या घाण्यावर हे बी कधीही नेऊ नये. पेंडही गुरांना घालू नये. बोंडे उकलण्याआधीच काढावीत, नाहीतर बी रानभर पसरते.

तण आलेच आहे तर त्याचा उपयोग करावा. पण तेलाच्या आशेने ते मुद्दाम पेरू नये.