नेम मोडला म्हणजे माळ गेली काय?

माळकरी बंधुभगिनींनो, आपल्या गोंदिया जिल्ह्यात आषाढी येते ती ऐन रोवणीच्या दिवसांत. पऱ्हे काढायला आलेले असतात, बांधीत चिखल तयार असतो. अशा वेळी प्रत्येक धानकऱ्याला पंढरीस जाणे साधतेच असे नाही. मग तो गावातच माळ घालतो, दारू-मांस सोडतो, सांजवात झाली की हरिपाठाला बसतो. पुढे पोळ्याच्या करीला सोयरे आग्रह करतात आणि मोहाचा एक पेला पोटात जातो. दुसऱ्या दिवशी माळ खुंटीवर! “नेम तर बुडालाच, आता राहिले काय?” असे म्हणून गडी पुन्हा रोज प्यायला लागतो.

नुकसान कशाने झाले? पेल्याने झाले ते थोडे, ह्या विचाराने झाले ते फार. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली काढलेल्या ग्रंथात हेच मांडले आहे. एकदा चुकणे वेगळे आणि पुन्हा व्यसनात पडणे वेगळे. चुकलेला माणूस “मी मुळातच वाईट” असे धरून बसला की घसरतच जातो. “त्या दिवशी संगत चुकली, जागा चुकली” असे पाहिले, तर सावरायला वाव राहतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून एक नवी सवय लावायला सांगितले. २०१० साली निष्कर्ष छापला गेला. सवय अंगवळणी पडायला हिशेबाने कुणाला १८ दिवस, कुणाला २५४. मधला आकडा ६६. मधे एखादा दिवस हुकला म्हणून फारसे बिघडले नाही. प्रयोग चांगली सवय लावण्याचा होता, दारू सोडण्याचा नव्हे, हे ध्यानात असावे. पण सांजवातीला जोडलेला हरिपाठ ही तशीच सवय नव्हे काय?

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी सोडल्यास हातपाय कापतात, कधी झटकेही येतात. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. त्यात नामाला कमीपणा नाही.

बाकीच्यांसाठी भजनी मंडळाने काय करावे? चुकलेल्याला पारावर, पोराबाळांदेखत बोलू नये. त्याच सांजेला दोघांनी त्याच्या घरी जावे, “चला भाऊ, हरिपाठाची वेळ झाली” म्हणावे, टाळ हाती द्यावेत. आणि पुढच्या करीला तो कुठे, कुणाबरोबर राहील, ते पोळ्याआधीच ठरवून ठेवावे.