कॅन्सरची जनुक तपासणी: आधी रक्त कुणाचं, खर्च किती?

आईला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला, मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, की लेकी घाबरतात. मग कुणीतरी सांगतं, 'एक रक्ततपासणी असते, करून टाक.' आई सोलापुरात किंवा बार्शीत उपचार घेत असते आणि लॅबला रक्त जातं ते धडधाकट लेकीचं. पैसे वाया जातात ते इथेच.

लेकीच्या अहवालात काही आढळलं नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर घराण्यात कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकदोष नसेल, किंवा असेल पण तिच्यात उतरला नसेल. तिसरी शक्यताही राहते, की तो दोष या तपासणीला सापडणाराच नव्हता. म्हणून पहिलं रक्त ज्या व्यक्तीला कॅन्सर झाला आहे तिचं द्यायचं. तिच्यात दोष सापडला, तर अहवालात जनुकातली नेमकी जागा लिहून येते. मग बाकीच्यांची तेवढीच एक जागा तपासावी लागते आणि तो खर्च कितीतरी कमी असतो.

आकडे असे धरा. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी निगडित बीआरसीए १ आणि २ या जनुकांसह अनेक जनुकं एकत्र पाहणारी तपासणी साधारण १५ ते ३० हजार रुपयांना पडते. माहीत असलेली एकच जागा तपासायला साधारण ३ ते ६ हजार. समजा, आईची तपासणी २० हजारांत झाली आणि तीन लेकींची प्रत्येकी ५ हजारांत, तर सगळ्या घराचे ३५ हजार झाले. तिघींची पूर्ण तपासणी केली तर ६० हजार जातील आणि उत्तर अर्धवटच राहील. आईत काहीच सापडलं नाही, तर लेकींच्या तपासणीची सहसा गरजच पडत नाही. शिवाय आईचा अहवाल तिच्याही कामाचा असतो, कारण बीआरसीएचा दोष असलेल्या काही रुग्णांना ओलापारिबसारखं औषध देता येतं. आईची प्रकृती नाजूक असेल तर हे लांबणीवर टाकू नका. तिच्या पश्चात हे उत्तर मिळवणं फार अवघड होऊन बसतं.

मुळात ही तपासणी सगळ्यांसाठी नाही. शंभरांतले साधारण पाच ते दहा कॅन्सरच आनुवंशिक असतात. बार्शीत १९८७पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. या भागात बायकांमध्ये वर्षानुवर्षं मोठा वाटा असलेला गर्भाशयमुखाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो. तोंडाचा होतो तो मुख्यतः तंबाखू-मिश्रीमुळे. त्यासाठी जनुकांवर पैसे घालू नका. पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, दोन्ही स्तनांत कॅन्सर, स्तनाच्या कॅन्सरचा 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकार, अंडाशयाचा कॅन्सर, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, यांपैकी काही घरात असेल तर मात्र डॉक्टरांना नक्की विचारा. आणि वडिलांकडचं सांगायला विसरू नका. आत्या, आजी, चुलत बहिणी यांची माहिती कुणी विचारतच नाही. पण दोष बापाकडूनही येतो आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. घराणं तेलंगणात किंवा कर्नाटकात विखुरलेलं असेल तर फोन करून कुणाला, कोणत्या वयात, कोणता कॅन्सर झाला ते लिहून काढा. या कागदाला एक पैसा लागत नाही, आणि तपासणीआधी सल्ला देणारा जनुकीय समुपदेशक पहिल्यांदा तोच मागतो.

रक्त द्यायला सोलापूर सोडायची गरज नाही. नमुना इथे घेऊन मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवतात, अहवालाला साधारण तीन-चार आठवडे लागतात. नुकतंच रक्त चढवलं असेल तर आधी सांगा. दर लेखी घ्या आणि चार गोष्टी विचारा: जनुकाचा मोठा तुकडा गहाळ असेल तर तो याच पैशांत सापडेल का, समुपदेशन दरात धरलं आहे का, नातेवाइकांना सवलत आहे का, आणि 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर पुढे त्याचा अर्थ लागल्यावर कळवणार का. असा शेरा बऱ्याच जणांना येतो. त्याच्या जोरावर कुणीही शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

समुपदेशनासाठी मुंबईला टाटा मेमोरियल सेंटरची कॅन्सर जेनेटिक्सची सोय आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचता येतं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. अनेक लॅब व्हिडिओ कॉलवरही समुपदेशन देतात, जाण्याआधी तेही पाहा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचारांसाठी आहे. धडधाकट माणसाच्या जनुक तपासणीचा खर्च त्यातून निघेल असं धरून चालू नका. आरोग्यविम्याचंही तेच.

दोष सापडला की दरवर्षीचा खर्च सुरू होतो, तो आधीच हिशेबात धरा. स्तनाचा एमआरआय साधारण ८ ते १२ हजार, मॅमोग्राफी दीड ते अडीच हजार. एमआरआय पंचविशीनंतर आणि मॅमोग्राफी तिशीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मात्र भरवशाची नियमित तपासणी नाही. दरवर्षी सोनोग्राफी करून निर्धास्त राहणं धोक्याचं आहे. मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए १चा दोष असेल तर ३५ ते ४० वयाच्या दरम्यान, अंडाशय आणि बीजवाहक नलिका काढण्याचा सल्ला देतात तो यामुळेच. अठरा वर्षांखालच्या मुलांची बीआरसीएसाठी तपासणी करू नये. विडी वळून किंवा मागावर राबून घर चालवणाऱ्या माउलीने हा खर्च डोळे मिटून करू नये, आणि गरज असताना टाळूही नये. आधी घरातल्या रुग्णाचं रक्त, मग बाकीच्यांचं, एवढा क्रम पाळा.